धुतलेलं शिंगरू

मोगरा सुरू झाला की मला ओल्या शिंगराचा वास येतो. लोकांना मोगऱ्यानं लग्नं आठवतात, गजरे आठवतात, कुणाची तरी वेणी आठवते. मला वार, शेण, कोमट पाणी आणि खोबरेल तेल आठवतं. यंदाही परवा जासिंता मावशीनं वटारहून केळीच्या पानात बांधून कळ्या पाठवल्या. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरात ओट्यावर ती पुडी उघडली तेव्हा आई म्हणाली, "काय सुंदर वास आहे गं." मी नाक लावलं आणि मला हसू आलं. कारण सांगितलं असतं तर तिनं त्या कळ्या देवापुढे ठेवल्या नसत्या.

रेल्वे रुळांच्या पूर्वेला, आमच्याकडे, हा मोसम परीक्षांचा. पोरं जिन्यात पाठांतर करत बसतात, टीव्हीचे आवाज दबतात, माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया येता-जाता फोन करतात. रुळांच्या पश्चिमेला, वटारच्या वाड्यांत, हाच मोसम मोगऱ्याचा आणि उपवासकाळाचा. बायका उजाडता उजाडता कळ्या खुडतात, कारण ऊन लागलं की कळी उमलते, आणि उमललेल्या कळीला बाजारात कुणी विचारत नाही. मग हातपाय धुऊन चर्चमध्ये मिस्सेला जातात. जासिंता मावशी उपवासकाळात चहा सोडते. त्यामुळे ईस्टरपर्यंत तिचं डोकं दुखतं, आणि तिचा नवरा पास्कू काका ईस्टरपर्यंत जपून बोलतो. "चहा तिनं सोडला, प्रायश्चित्त मला," असं तो म्हणतो, अर्थात ती ऐकत नसताना.

ही मावशी माझ्या रक्तानात्याची नाही. बाबा वालीवच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. विहिरी खाऱ्या का होताहेत, वाड्यांमधून रस्ता कुणासाठी जातोय, टँकरचं पाणी कुठून उपसलं जातंय. गोष्टीची पुस्तकं माझ्या हातात नंतर आली. आधी आली ती शाई न वाळलेली पत्रकं, घडी घालायला. ती वाटत वाडीवाडीतून फिरताना मावशी भेटली. तिनं पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "बाप तुझा लिहितो बरं, पण लांबण लावतो. पाणी पी आधी." तेव्हापासून ती मला लीडर म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी विचारत नाही.

घोडी आली ती समुद्राकडच्या एका रिसॉर्टमधून. तिथं मुलांच्या वाढदिवसाच्या पार्ट्या व्हायच्या. घोडी केवढी, तर माझ्या कमरेएवढी. लहानातल्या लहान जोड्या निवडून माणसानं पिढ्यान्‌पिढ्या ही जात बुटकी करत आणली आहे. तिनं ओझं वाहायचं नसतं, शर्यत जिंकायची नसते. फक्त लहान दिसायचं असतं. पार्टीत तिच्या कपाळाला चकचकीत कागदाचं शिंग चिकटवायचे आणि आयाळ गुलाबी रंगवायचे. चिकटवून चिकटवून कपाळावरचे केस गेले होते. मी त्याविरुद्ध पत्रक काढलं, रिसॉर्टच्या फाटकावर उभं राहून वाटलं. पुढे ते रिसॉर्ट बंद पडलं ते त्या पत्रकामुळे, असं बाबा अजून मानतात. मालक सांगतो की त्यानं जागाच विकली. काही असो. तिच्या जोडीचा नर घोडा कुणीतरी नेला, आणि घोडी मावशीच्या वाडीत आली, कारण मावशीचा गोठा रिकामा होता.

मावशीनं तिचं नाव ठमी ठेवलं. मी गोठ्याच्या फाटकावर पाटी रंगवली: हिला बांधू नये. हिच्यावर बसू नये. हिच्याबरोबर फोटो काढू नये. रिसॉर्टची गुलाबी म्होरकी मी स्वतः कचऱ्यात टाकली.

मावशीनं पाटी वाचली. "अक्षर छान आहे. घोडीला वाचून दाखवलंस?"

केळीची सालं आणि वालाच्या शेंगा खाऊन ठमी फुगत चालली, असं आम्हाला वाटलं. मग एकदा मावशीनं तिच्या पोटावर तळवा ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "लीडर, ही एकटी आलेली नाही गो."

मग डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांचा दवाखाना आमच्या पूर्वेला, फ्लॅटमधल्या कुत्र्यामांजरांचा. "घोडीचं बाळंतपण मी फक्त परीक्षेत लिहिलंय," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. पण त्यांनी नंबर दिला, आणि सगळं नीट होईल असा धीरही दिला.

'गोंडस' या शब्दाचा मला राग आहे. हा शब्द उच्चारला की माणसाला काहीही करायचा परवाना मिळतो. गोंडस म्हणून उचला, गोंडस म्हणून रंगवा, गोंडस म्हणून त्याच्या झोपेत त्याला उठवा. ज्याला आपण सुंदर म्हणतो त्याच्यापासून चार पावलं लांब उभे राहतो. ज्याला गोंडस म्हणतो त्याच्या अंगाला आपले हात लागलेच म्हणून समजा. हे सगळं मी त्या पत्रकात लिहिलं होतं, बापासारखीच लांबण लावून. तरी ज्या सकाळी शिंगरू झालं त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी काय केलं, ते सांगते.

ठमी व्याली तेव्हा मावशी मिस्सेला गेली होती. परत येऊन पाहते तर पेंढ्यावर ओलं शिंगरू आणि शेजारी ठमी, दमलेली, मान खाली घालून त्याला हुंगणारी. मावशीनं आनंदानं हाक मारली ती चार वाड्यांना ऐकू गेली. मला फोन आला: "ये, तुझी घोडी व्याली." मी स्कूटरवर पूल ओलांडून पोहोचले तोवर सोहळा रंगात आला होता.

वटारला कोणाच्याही घरी काही जन्मलं की शेजारच्या बायका रिकाम्या हातानं येत नाहीत. कुणी कोमट पाणी आणलं होतं, कुणी हळद, कुणी घाण्याचं खोबरेल. शिंगराला न्हाऊ घालून, तेल चोळून, काकाच्या जुन्या लुंगीत गुंडाळलं होतं. एका हिंदू शेजारणीनं त्याला तीट लावली होती. मावशीनं चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी त्याच्यावर शिंपडलं होतं. कोणताही धर्म मागे राहिला नव्हता. शिंगरू एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात होतं. पाय केवढे लांब, अंग केवढंसं, आणि डोळ्यांत अजून जगाबद्दल काहीच मत नाही. माझ्याही मांडीवर आलं. घेतलं मी. ते कोमट होतं, आणि त्याला लहान मुलाच्या मालिशचा वास येत होता.

पास्कू काका कुदळ धुवत आला. शिंगरामागून पडलेली वार त्यानं माडाच्या बुंध्याशी पुरली होती. गायी होत्या तेव्हा प्रत्येक वेताची वार त्याच माडाला जायची, आणि त्या माडाच्या नारळाबद्दल काका अजून पाहुण्यांना सांगतो.

एक म्हातारी पातेलं घेऊन आली होती. "घोडीच्या चिकाचा खरवस होतो काय?"

"आधी घोडीला विचार," मावशी म्हणाली.

मग आम्ही ते झकपक शिंगरू आईपुढे उभं केलं. ठमीनं हुंगलं. तिचे कान मागे गेले. तिनं त्याला नाकानं ढकललं, ते पडलं, धडपडत उठलं, पुन्हा तिच्या पोटाशी गेलं, आणि तिनं लाथ झाडली. नेम चुकला म्हणून शिंगरू वाचलं. आवारातलं हसू एकदम थांबलं.

पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ते त्यानंतरचं. ठमी वळली आणि कोपऱ्यातल्या ओल्या पेंढ्याकडे गेली, जिथं शिंगरू पडलं होतं तिथं. तो ओला पेंढा ती चाटू लागली. चाटत चाटत नाकातल्या नाकात घुमणारा एक हलका आवाज काढू लागली. ती आपल्या बाळाशी बोलत होती. ते बाळ तिच्या मागे चार हातांच्या अंतरावर थरथरत उभं होतं, आणि ती त्या ओल्या डागाशी बोलत होती.

डॉक्टरबाई फोनवर होत्या. मावशीनं स्पीकर लावला.

"धुतलंत त्याला?"

"कोमट पाण्यानं," मावशी म्हणाली, जणू त्यानं गुन्हा हलका होतो.

"तेल लावलंत?"

"घाण्याचं. चांगलं आहे."

मग त्या म्हणाल्या, "मावशी, आई पिल्लाला वासानं ओळखते. तो वासच तुम्ही धुऊन टाकलात. तिच्या दृष्टीनं हे कुणाचं तरी दुसरंच आहे. वार कुठाय?"

सगळ्यांनी काकाकडे पाहिलं. काकानं माडाकडे पाहिलं.

"उकरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी निघतेय. वालीवला एका पेशंटकडे आहे, तिथून येते. आणि काहीही करून चीक त्याच्या पोटात जाऊ दे. पहिलं घट्ट दूध. ते गेलं नाही तर साध्या आजारानंही मरेल ते. दुपार व्हायच्या आत."

काका कुदळ घेऊन उभा राहिला, पण पाय उचलेना. "पुरलेलं उकरू नये," तो म्हणाला. "माझ्या बापानं कधी उकरलं नाही. त्यात उपवासकाळ."

"प्रभूनं मेलेल्याला कबरीतून बाहेर बोलावलं," मावशी म्हणाली, "आणि तुला एक वार बाहेर काढवत नाही?"

काका गेला. वार मातीसकट आली. तोवर आम्ही बायकांनी गव्हाचा कोंडा चोळून शिंगराच्या अंगावरचं तेल उतरवलं. तीट पुसली. मग ज्या हातांनी त्याला न्हाऊ घातलं होतं त्याच हातांनी त्याला घाण केलं: वार फासली, ओला पेंढा चोळला, आईच्या शेणाचाही हात फिरवला. पातेलंवाली म्हातारी पदर नाकाला लावून म्हणाली, "सकाळी कसा राजपुत्र दिसत होता."

"राजपुत्राला दूध कोण देतंय," मावशी म्हणाली.

आता ठमीला धरायला हवं होतं. कास तट्ट फुगून गरम झाली होती. शिंगराचं तोंड लागलं तरी तिला दुखत असणार. काकानं गोठ्यातलं जुनं दावं आणलं आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. पाटी तिथंच होती, माझ्याच अक्षरात.

मला दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि दिसतात म्हणून त्या सोप्या होत नाहीत. 'तुझ्याच भल्यासाठी' हे वाक्य मी लहानपणापासून शत्रूच्या तोंडी ऐकलं होतं. रस्ता वाडीच्या भल्यासाठी, टँकर गावाच्या भल्यासाठी, मुलीला घरात ठेवणं मुलीच्या भल्यासाठी. या वाक्याच्या मी किती पत्रकांत चिंध्या केल्या होत्या. आणि आता तेच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, चार पायांच्या एका बाईसाठी जिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. पण शिंगरू खुंटाला ओठ लावून चोखत होतं. लाकडी खुंटाला. वादाला तेवढा वेळ नव्हता.

"खांबाला नाही बांधायचं," मी म्हणाले. "दावं मी हातात धरते."

"हात सोलवटेल," काका म्हणाला.

"सोलवटू दे."

मला वाटतं, एवढाच फरक मला करता आला. खांब ओढला जात नाही. माणूस ओढला जातो. तिनं हिसका दिला की मलाही कळायला हवं होतं. काकानं तिचा पुढचा पाय दुमडून उचलून धरला, म्हणजे तिला मागचा झाडता येईना. मावशी कोमट फडक्यानं कास शेकत खाली बसली. गायींत आयुष्य गेलेली बाई, पण इथं दोनच लहान सड, शेळीपेक्षाही आखूड, तिला चिमटीत धरावे लागले. "कुणी केलं गो तुला एवढीशी," ती ठमीशी बोलत होती, "दूध काढायला गुडघे टेकावे लागतात." घोडी थरथरत होती. तिच्या हिसक्यांनी दावं माझ्या तळव्यात रुतत होतं. पहिली धार वाटीत पडली तेव्हा कुणीतरी हळूच देवाचं नाव घेतलं. कोणत्या देवाचं ते माझ्या लक्षात नाही.

तो पिवळसर चीक आधी वाटीतून चमच्यानं, मग डॉक्टरबाई आल्यावर त्यांनी आणलेल्या बाटलीतून शिंगराच्या पोटात गेला. कास हलकी झाल्यावर मावशीनं त्याचं तोंड सडाला लावून दिलं. दोन घोट, तीन घोट, शेपटीचा झुपका हलायला लागला. ठमीनं दात विचकले, पण उभी राहिली. डॉक्टरबाई कुंपणाला टेकून खालीच बसल्या. "मी घाबरले होते," त्या म्हणाल्या. "फोनवर कळलं नाही ना?" ऊन माथ्यावर आलं होतं. मावशीचं डोकं ठणकत होतं, तरी तिनं चहा घेतला नाही. आमच्यासाठी मात्र केला, आणि आम्ही पीत असताना नुसती वास घेत बसली.

जीव वाचला होता. आई मिळाली नव्हती. दावं सोडलं की ठमी पुन्हा कान पाडायची आणि शिंगराला कोपऱ्यात पिटाळायची. म्हणून तो सगळा आठवडा तेच: धरा, शेका, पाजा, सोडा. मी शिकवणी बाबांवर टाकून वाडीतच राहिले. बाबा परीक्षेच्या तोंडावर मुलांना कामगार कायदे शिकवत होते अशा तक्रारी आल्या. सकाळी मोगरा खुडायचा, मग घोडी धरायची. माझ्या तळव्यांना कळ्यांचा आणि काथ्याच्या दाव्याचा असा एक मिश्र वास लागला होता, आणि तो साबणानं जात नव्हता.

मधेच एकाचा फोन आला. पार्ट्यांना जनावरं पुरवणारा कुणी. त्याला बातमी कशी लागली कोण जाणे. "आई घेत नसेल तर मला द्या," तो गोडीनं म्हणाला. "बाटलीवर वाढलेलं पिल्लू माणसाला घाबरत नाही. पोरांना तेच लागतं." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तो खोटं बोलत नव्हता. बाटलीवर वाढलं तर ते माणसाचंच होणार होतं. ज्याच्या-त्याच्या मांडीवर जाणार, कुणी शिंग चिकटवलं तरी उभं राहणार. त्याला माणसापासून लांब पळायला शिकवणारं एकच कुणी जगात होतं, आणि ती त्याला ओळख देत नव्हती.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या जुन्या सरांना विचारून एक उपाय सांगितला. कुंपणाजवळून कुत्रं न्या. धोका दिसला की आई पिल्लाला पाठीशी घालते. मावशीच्या कुत्र्याला आम्ही मोठ्या अपेक्षेनं आणलं. तो आत शिरला, पेंढ्यावर गोल फिरला आणि शिंगराच्या शेजारी झोपला. ठमीनं त्यालाही हुंगलं.

"यालाही पाजा म्हणतील आता डॉक्टरबाई," काका म्हणाला.

पण त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. शिंगरू कुत्र्याच्या पलीकडे दिसेनासं झालं तशी ठमीची मान वर झाली. तिनं एकदा पाहून घेतलं, मग पुन्हा गवताला लागली. मी ते कुणाला सांगितलं नाही. आशा मोठ्यानं बोलायची मला भीती वाटते. घोषणा देता येतात.

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी सगळं वटार चर्चला गेलं. मावशी जाताना म्हणाली, "एकटी आत जाऊ नको. आम्ही आलो की धरू." वाडी इतकी शांत झाली की केळीच्या पानांतून गळणारं दव ऐकू यायला लागलं. कुंपणाच्या आत माडाची एक झावळी पडली होती. शिंगरू तिच्यात पाय अडकवील म्हणून मी ती उचलायला आत गेले. हातात झावळी, तिची पाती सळसळत जमिनीवरून ओढली जात होती. शिंगरू कुतूहलानं माझ्याकडे आलं. बाटली माझ्याच हातची पीत होतं ते. माझ्या हाताला नाक लावायला त्यानं मान पुढे केली.

ठमी कधी आली ते मला दिसलंच नाही. माझ्या आणि त्याच्या मधे एकदम तिचं अंग होतं. कान मागे, डोळे पांढरे. दावं नव्हतं, कुणी पाय धरलेला नव्हता. तिनं छातीनं मला मागे रेटलं, मी झावळी सोडली, हात आडवा केला, आणि ती कोपराखाली कडकडून चावली. मी कुंपणावरून बाहेर पडले ती सरळ मोगऱ्याच्या ताटव्यात. उठून पाहते तर शिंगरू तिच्या पोटाखाली शिरलं होतं. तिनं मागचा पाय जरासा बाजूला घेतला, त्याला जागा करून दिली. ते पीत होतं, आवाज करत, आणि ती मान वळवून त्याची घाणेरडी पाठ चाटत होती. मग तो आवाज आला, नाकातल्या नाकात घुमणारा. या वेळी तो पेंढ्यासाठी नव्हता.

मी तिथंच मातीत बसून राहिले. रडले असेन. हात दुखत होता, आणि बरं वाटत होतं. किती बरं वाटत होतं ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

मावशी आणि काका हातात आशीर्वादित झावळ्या घेऊन आले. मला खाली बसलेली पाहून मावशीची चाल बदलली.

"काय झालं गो?"

"चावली."

"कुणाला? शिंगराला?"

"मला. त्याच्याजवळ गेले म्हणून."

मावशीनं कुंपणातून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं क्रुसाची खूण केली, माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि माझा हात उजेडाकडे वळवला. दातांच्या दोन्ही ओळी ठळक उमटल्या होत्या, मधे थोडं रक्त.

"चांगले खोल गेलेत," ती समाधानानं म्हणाली, आणि काकाला दाखवायला हात तसाच धरून ठेवला.